एका घराची दोन कार्डं

५ मार्च

प्रिय मामा,

वर ‘तीर्थरूप’ लिहून खोडलेलं तुला दिसेलच. तुझ्या खांद्यावर बसून छताची जळमटं काढणारी भाची मी, एवढी सभ्यता माझ्याच्याने होईना. फोन तू उचलत नाहीस, निरोपांना दाद देत नाहीस. पत्र निदान पाकीट फोडण्यापुरतं तरी हातात धरशील, म्हणून हा खटाटोप.

काम आहे म्हणून लिहितेय. निव्वळ काम. भलता गैरसमज नको.

गेल्या महिन्यात इकडे जमीन हलली, ते तू वाचलं असशील. फार नाही, फळीवरची भांडी पडली, काही कठडे कोसळले. पण वरच्यांची झोप उडाली आणि जुन्या वस्तीतलं एकेक घर तपासायचं काम आमच्या ऑफिसच्या गळ्यात पडलं. सध्या मी सकाळपासून लोकांच्या भिंतींवर टकटक करत फिरते. भिंत भरीव की पोकळ, ओळंबा धरला तर किती कललीय, वरच्या तुळया कशावर टेकल्यात, सगळं बघायचं आणि घराला कार्ड द्यायचं. हिरवं म्हणजे खुशाल राहा. पिवळं म्हणजे डागडुजी करून राहा. लाल म्हणजे घर सोडा, ते पाडणार. आई मला सुतारपक्षी म्हणते. परक्यांच्या घरात नाक खुपसायचा पगार मिळतो, माझ्यासारखीला आणखी काय हवं?

आता मुद्दा. आपल्या घराला लाल कार्ड लागतंय. आपल्या म्हणजे आईच्या अर्ध्या भागाला. तुझा भाग बंद असल्यामुळे तिथे कोणी अजून पाऊल टाकलेलं नाही, त्याच्या नावाचं वेगळं कार्ड कोरंच पडलंय.

नातेवाइकांचं घर स्वतः तपासायचं नाही, असा आमच्याकडे नियम आहे. म्हणून माझा सहकारी गेला. त्याला आम्ही गोगलगाय म्हणतो. माणूस चोख, पण जिना चढायला घेतला की खालच्यांचा चहा पिऊन होतो. त्याने आईला विचारलं, मधल्या भिंतीपलीकडच्या घराशी तुमचं घर कुठे जोडलेलं आहे का? आईने मान ताठ करून सांगितलं, “अजिबात नाही. तुळया कापून घेतल्यात मी. माझ्या भावाने कापल्या, मी डोळ्यांनी बघितलंय.” आणि वर त्याला चहा पाजला. बिचारीला काय माहीत, आपल्या तोंडाने आपलंच घर लाल करतेय.

कारण तुळया कापलेल्या असतील, तर त्यांची आईकडची टोकं त्या वीतभर जाडीच्या मधल्या भिंतीवर जेमतेम चार बोटं टेकलेली असणार. पुढचा हादरा जरा जोराचा बसला की टोकं घसरणार आणि मजला खाली. आई गुडघ्यांमुळे आता खालीच झोपते.

वाटणी झाली तेव्हा मी शाळेत होते. घरी आले तर जमिनीवर भुसा आणि आई ओठ घट्ट मिटून पायरीवर बसलेली, एवढंच आठवतं. तिची अटही आठवते. तू पलीकडे चाललास की तिच्या फळीवरचे कप किणकिणायचे. ते तिला नको होतं. तुझा आवाजसुद्धा नको होता. म्हणून मला फक्त एवढं सांग: कापताना टोकांखाली काही आधार दिला होतास का? ठोकळा, लोखंडी पट्टी, काहीही? समिती तीस तारखेला बसते आहे. त्यानंतर कार्ड बदलत नाही.

आईला हे पत्र माहीत नाही. माहीत होण्याची गरजही नाही.

तुझी,
भाची

१२ मार्च

प्रिय मामा,

तुझं पोस्टकार्ड मिळालं. “आक्काला विचार. तिने बघितलंय.” इतक्या वर्षांनी भाचीला लिहायचं, तर एवढा शब्दांचा पूर? मला गहिवरून आलं.

तरी आभारी आहे, कारण त्या ओळीमुळे मला चेव चढला. मला माहीत आहे, तू एखादी गोष्ट इतक्या थोडक्यात सांगितलीस म्हणजे तिच्यात काहीतरी खोच असते. लहानपणी माझी शाई कोणी सांडली विचारलं तेव्हाही “मांजराने” एवढंच म्हणाला होतास. आपल्याकडे मांजर नव्हतं.

तर झालं असं. आमच्याकडे हादरे मोजायची एक पेटी आहे, जेवणाच्या डब्याएवढी. जमिनीवर ठेवली की रस्त्यावरून ट्रक गेला तरी तिच्या पडद्यावरची रेघ थरथरते. ती मी आईच्या वरच्या खोलीत ठेवून आले. ऑफिसचं काम म्हणून नाही, आपली खाज म्हणून. आई खाली, वर कोणी नाही, गल्लीत ट्रक नाही. आणि रेघ लागली उड्या मारायला. ठक, ठक, ठक, थांब. पुन्हा ठक, ठक. मला वाटलं, पेटी बिघडली. खिडकीतून डोकावले, तर शेजारच्या खिडकीत, म्हणजे तुझ्या घराच्या, शिंपीकाका उभे. किल्ली तू त्यांच्याकडे ठेवली आहेस ना, ते अधूनमधून खिडक्या उघडून हवा खेळवतात.

मी म्हटलं, काका, जरा इकडून तिकडे चालून दाखवता का? ते तिथलं सामान चुकवत मधून चालले. रेघ चालली. मी म्हटलं, जरा नाचता का? त्यांनी गळ्यातली टेप सावरली आणि खरंच नाचले, या वयात. रेघ वेडीपिशी झाली. शिंपीकाका म्हणजे नुसती हाडं, एखाद्या कोटाएवढं वजन. तुळया तोडलेल्या असतील तर त्यांची पावलं भिंत ओलांडून आईच्या मजल्यावर इतकी ठसठशीत कशी पोचतात?

मग मी पलीकडे गेले. रागावू नकोस, काकांनीच दार उघडलं. तुझ्या घरात मी इतक्या वर्षांनी पाय ठेवला. खालच्या छताला मधल्या भिंतीजवळ तुळयांवरून गिलाव्याची एक पट्टी गेलीय, ती तुझ्या करवतीची जागा, बरोबर? म्हणजे तू भिंतीच्या तुझ्या बाजूला कापलंस. मग मला सांग, तुझ्या बाजूची टोकं कशावर उभी आहेत? भिंतीला तर ती टेकतच नाहीत. खाली एक खांब नाही, एक टेकू नाही. तुझा अख्खा मजला एवढी वर्षं हवेत तरंगतोय का?

आणि दुसरं एक, त्याचा कामाशी संबंध नाही पण राहवत नाही म्हणून विचारते. वरच्या खोलीत खाट, कपाट, टेबल सगळं मधोमध का मांडलंय? फर्निचरच्या दुकानासारखं. बाजूने माणूस जेमतेम जातो. कसली तऱ्हा ही?

गोगलगायीला हे सगळं सांगितलं. तो म्हणाला, घरमालकीण सांगते कापलंय, ते खोटं म्हणायला डोळ्यांनी दिसलं पाहिजे. बरोबर आहे त्याचं. मला तुझ्या बाजूच्या गिलाव्यात पेन्सिल जाईल एवढं भोक पाडायचं आहे, आत कॅमेऱ्याची तार घालायला. परवानगी दे. घर तुझं आहे.

भाची

१७ मार्च

प्रिय मामा,

तुझं उत्तर आलं नाही आणि मी भोक पाडलं. झाला गुन्हा, काय शिक्षा द्यायची ती दे. मागच्या पत्रात परवानगी मागितली तेव्हाच ड्रिल पिशवीत होतं, हेही सांगून टाकते.

तार आत सरकवली. आधी नुसता अंधार, मग कोळ्याचं जाळं, मग लाकूड. खाच दिसली. करवतीची, सरळ, सुबक, तुझ्याच हाताची. आणि बोटाच्या एका पेरावर जाऊन थांबलेली. वर हातभर जाडीची तुळई आहे तशी, अखंड, भिंतीतून पार आईच्या घरात गेलेली. पहिली तशी. शेजारची तशी. सगळ्या तशा. खालून बघणाऱ्याला वाटावं की आरपार कापलं, एवढीच करामत.

मी तुझ्या जमिनीवर बसकण मारली आणि हसले. काकांना वाटलं, डोकं फिरलं. मग हसू येईना. तू दिवसभर करवत चालवलीस, भुसा पाडलास, आक्काला बोलावून खाच दाखवलीस आणि वर गिलावा मारलास. कशासाठी?

मी आपल्या परीने कोडं सोडवलंय, चुकत असेन तर सांग. तुला जुनं पाडून सिमेंटचं नवं घर बांधायचं होतं. आई म्हणाली, मी मेले तरी पाडू देणार नाही. शब्दाने शब्द वाढला आणि वाटणी झाली. तुझ्या अर्ध्यात तू हवं ते करायला मोकळा होतास. विटा येऊन पडल्या होत्या, मी त्यांवर चढून खेळायचे. पण तू बांधलं नाहीस. तीन वर्षं तसाच राहिलास, मग कुलूप लावून निघून गेलास. आई आजही म्हणते, माझा भाऊ आरंभशूर, नुसता गाजावाजा, हातून काही होत नाही. आणि मी त्यावर माना डोलावत मोठी झाले. आता कळतंय की तुझा भाग पाडायला घेतला असतास, तर त्या तुळयांबरोबर तिचा भागही खाली आला असता. तू सुतार, तुला ते पहिल्या दिवशीच दिसलं असणार. मला फार वाईट वाटलं, मामा. तुझ्याबद्दल तर वाटलंच, पण जास्त त्या माना डोलावण्याबद्दल.

आता नीट ऐक, कारण दिवस थोडे आहेत. तुळया अखंड असतील तर सगळं गणितच बदलतं. ही दोन कमकुवत घरं नाहीतच. एकमेकांना धरून उभं असलेलं एक घर आहे, आणि गेल्या महिन्यात ते पडलं नाही ते त्यामुळेच. आम्ही मात्र मालक दोन म्हणून कार्डं दोन काढली. एक घर धरलं तर पिवळं कार्ड मिळतं. इकडच्या टोकापासून तिकडच्या टोकापर्यंत लोखंडी सळ्या ओवायच्या, बाहेरून पट्ट्यांनी आवळायच्या. दोनेक महिन्यांचं काम. पण त्यासाठी ‘ही वास्तू एकच आहे’ असं लिहून खाली दोघांनीही सही करावी लागते.

तुझी सही मी मागतेच आहे. आईची कशी मागू? तिला सांगायचं म्हणजे सगळंच सांगायचं.

भाची

२३ मार्च

प्रिय मामा,

तुझी सही पोचली. सोबतची चिठ्ठीही. “लाकूड चांगलं होतं. आक्काला सांगू नकोस. घर पिवळं कर आणि गप्प बस.”

मी गप्प बसले नाही. बसता येत नव्हतं, आणि खरं सांगायचं तर बसवतही नव्हतं.

कॅमेऱ्यात काढलेला फोटो तिच्यापुढे ठेवला. तिने चष्मा लावला, काढला, पुसला, पुन्हा लावला. मला वाटलं होतं, डोळ्यांत पाणी येईल, मग मी तिला जवळ घेईन, मग आम्ही दोघी तुला फोन करू. मी काय काय ठरवून गेले होते. ती म्हणाली, “म्हणजे इतकी वर्षं मी मूर्ख ठरले.”

मी म्हटलं, अगं, त्याच्यामुळे तुझं घर उभं राहिलं.

“मी मागितलं होतं का? मी सांगितलं होतं, काप. त्याने माझ्या तोंडावर खोटं केलं. ती खाच बघायला मला बोलावलंन, आणि मी बघितली. मी त्याच्या हातावरचा भुसा झटकला होता, माहितीये? म्हटलं, झालं ते झालं, निदान सांगितलेलं ऐकलं. आणि हा मनातल्या मनात हसत असणार.”

मी सळ्यांचं, पिवळ्या कार्डाचं, तीस तारखेचं सगळं समजावलं. तिने कागद माझ्याकडे सरकवला. त्या घराशी एका ओळीत नाव लावणार नाही म्हणाली. लाल तर लाल. माझ्याही आवाजाची पट्टी चढली. मी म्हटलं, तुझ्या हट्टापायी भिंत अंगावर आली तर मी कोणाकडे बघायचं? ती म्हणाली, “लाल कार्डाने घर रिकामं करतात ना? मग भिंत कोणाच्या अंगावर यायची?” अशी आहे तुझी बहीण. तू तिला जास्त ओळखतोस.

मी दार आपटून निघाले. तिचं घर जाईल, तिला माझ्या दोन खोल्यांत राहावं लागेल आणि महिन्याभरात आम्ही एकमेकींचं तोंड बघणार नाही, हे मला स्वच्छ दिसत होतं. इतकं घाबरले होते की ऑफिसात गोगलगायीने मला स्वतः उठून पाणी आणून दिलं.

आज सकाळी तिचा फोन आला. सहीचं नाव नाही, मी कशी आहे विचारलं नाही. सरळ म्हणाली, “तुळया कापल्याच नव्हत्या, तर त्यानंतर तीन वर्षं तो पलीकडे चालायचा कसा? माझे कप कधी वाजले नाहीत.”

मामा, हे माझ्या डोक्यात आलंच नव्हतं. पेटी घेऊन फिरणारी मी, आणि प्रश्न पडला तिला. तू काय घरात उडत होतास का? उलट टपाली कळव. ती विचारतेय, मी नाही.

भाची

२८ मार्च

प्रिय मामा,

तुझं उत्तर काल आलं. मी तिला वाचून दाखवलं, जसंच्या तसं. “चपला जिन्याखाली काढायचो. मग भिंतीच्या कडेकडेने. मधून नाही.”

ती चष्मा लावून ते स्वतः पुन्हा वाचत बसली. मी मात्र पेटी घेऊन तुझ्या घरात धावले. आईच्या मजल्यावर पेटी, तुझ्या मजल्यावर मी. खाट-टेबलाच्या मधून चालले, रेघ उडाली. अनवाणी, भिंतीला खांदा लावून चालले, रेघ जवळजवळ सपाट. साधी गोष्ट आहे, भिंतीजवळ फळी लवचिक नसते, मधे ती झुलते. ऑफिसात मी हे आकृत्या काढून शिकवते. आणि मग लक्षात आलं, ती खाट, ते कपाट, ते टेबल मधोमध का. कडेची वाट तुला मोकळी ठेवायची होती. तुझ्या घरात, तुझ्याच पायांनी, तीन वर्षं.

खाली आले तर आई जिन्याच्या तोंडाशी उभी. तुझ्या जिन्याच्या. उंबरठा ओलांडून कधी आली, देव जाणे. म्हणाली, मला वर ने. त्या गुडघ्यांनी ती एकेका पायरीवर थांबत, मला आणि कठड्याला शिव्या घालत वर चढली. खोलीत आल्यावर मी काही बोलणार होते, तिने हात वर केला. भिंतीच्या कडेने जमिनीच्या फळ्या घासून गुळगुळीत झाल्यात, मधे नाहीत. मी तीनदा येऊन गेले तरी मला ते दिसलं नव्हतं. तिने त्यावर पाऊल ठेवून बघितलं. मग भिंतीला हात लावून पूर्ण खोलीला एक फेरी मारली, सावकाश, आणि खाटेवर बसली. रडली. मोठ्याने, लहान मुलासारखी. मी तिला असं कधी पाहिलं नव्हतं, म्हणून मी खिडकीकडे तोंड करून उभी राहिले आणि मीही रडले, आता लपवून काय करू?

मग पदराने डोळे पुसून म्हणाली, कागद आण.

सही झाली. गोगलगायीने आज दोन्ही जुनी कार्डं फाडली आणि एक नवं केलं, पिवळं. परवा समितीपुढे जाईल. हरकत येण्यासारखं त्यात काही नाही, असं तो म्हणाला, आणि तो असं सहसा म्हणत नाही. काम सुरू झालं की दोन्ही बाजू रिकाम्या लागतील. आईला मी माझ्याकडे ये म्हटलं, त्यावर तिने हे पत्र माझ्या हातातून ओढून घेतलंय. पुढचं अक्षर तिचं आहे.

भाची

*

सही केली आहे. माझं नाव वर, तुझं खाली, कारण मी मोठी.

सळ्या घालेपर्यंत मला दोन महिने जागा हवी. हिच्याकडे राहणार नाही. हिला स्वयंपाक येत नाही, आणि घरातही ही भिंती ठोकत बसते. तुझ्याकडे येईन म्हणते. तुझं घर केवढं आहे, तुला माणसं आवडतात की नाही, मला काहीच ठाऊक नाही. अडचण असेल तर तसं लिही. माझं मन राखायला म्हणून काही लिहू नकोस. या वेळी मला खरं सांगितलंस तरी चालेल.

आक्का